मोरस

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मी पदवीच्या वर्गाला बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. पहिल्या तासाला फळ्यावर दोन क्रियापदे लिहितो : 'पाहणे' आणि 'दिसणे'. पाहणे आपल्या हाती असते, दिसणे नसते, असे काहीसे सांगून पुढे वळतो. विद्यार्थी ते वाक्य उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि मीही त्याला गुण देतो. हे वाक्य स्वतःला कधी पडताळून पाहावे लागेल असे वाटले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपल्यावर, आम्ही चौघे - पत्नी, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि मी - सात दिवस मॉरिशसला जाऊन आलो, तेव्हा ती वेळ आली.

सहलीची कार्यक्रमपत्रिका महिनाभर आधी घरी आली होती. मुलाने ती शीतकपाटाच्या दारावर चिकटवली. शामारेलची सप्तरंगी माती, धबधबा, ल मॉर्नचा डोंगर, पांप्लमूसचे वनस्पती-उद्यान, साखरेचे संग्रहालय, पोर्ट लुईमधील डोडो पक्ष्याचा सांगाडा, इल-ओ-सेर्फ नावाचे छोटे बेट, आणि शेवटाकडे एक 'मोकळा दिवस'. पत्रिकेत एकही क्रियापद नव्हते, सगळी नामे. प्रत्येक नामापुढे तासांचा आकडा. मला त्यातल्या कशाचेच फारसे कुतूहल नव्हते, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझा डोळा त्या मोकळ्या दिवसावर होता. त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी जावे लागेल.

माझी आजी साखरेला 'मोरस' म्हणे. वाण्याकडून आणायच्या सामानात गूळ हा गूळ आणि साखर ही मोरस. लहानपणी मला तो तिचा एक खास शब्द वाटे, जसे तिचे इतर अनेक होते. पुढे एम. ए.ला असताना कोशात पाने उलटताना तो अचानक समोर आला आणि मी चपापलो. मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरून मुंबई बंदरात उतरणारी पांढरी साखर ती मोरस साखर. गुजरातीत तर साखरेसाठी तो शब्द अजूनही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान हे मॉरिशसच्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक होते. पुढे १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, तेव्हा ही मोरसही त्यात आली. म्हणजे एका देशाचे नाव आमच्या स्वयंपाकघरात डब्यात भरून ठेवलेले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दुसरी गोष्ट अशी, की पितृपक्षात आमच्याकडे म्हाळाच्या दिवशी आजी एक पान जास्त वाढी. ते पितरांच्या रांगेत नसे, ओटीच्या कडेला वेगळे असे. कोणाचे, असे विचारले की 'मोरसवाल्याचे' एवढेच उत्तर मिळे. माझ्या आजोबांच्या पणजोबांचा एक भाऊ म्हणे गिरमिटावर गेला होता. मुंबईला कामाला जातो म्हणून निघाला, बंदरावर अंगठा उठवला आणि बोटीत चढला. त्याचे काही कळले नाही. मेल्याची वार्ता नाही म्हणून तो पितरांत नाही, आणि परत आला नाही म्हणून तो घरातही नाही. असा तो सात-आठ पिढ्यांच्या मध्ये कुठेतरी ओटीच्या कडेला राहिलेला. त्याच्या पानावर आजी गुळाची खीर वाढी, साखरेचे काही वाढीत नसे. त्यात सोवळ्याचा भाग होता की आणखी काही, हे तिला विचारायचे राहून गेले. आजी गेली, त्यानंतर गावचे घर वर्षाचे अकरा महिने बंद राहू लागले आणि ते पानही बंद झाले.

तर माझ्या मोकळ्या दिवसाचे गुपित हे. मोका या गावी महात्मा गांधी संस्था आहे. तिच्या अभिलेखागारात गिरमिटिया मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' या जहाजातून कलकत्त्याचे ३६ मजूर उतरले, तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या बेटावर सुमारे साडेचार लाख माणसे अशी आली. बहुसंख्य बिहार आणि पूर्वेकडच्या मुलखातली, बरीचशी मद्रास इलाख्यातली, आणि काही आमच्या कोकणपट्टीतली, मुंबई बंदरातून चढलेली. त्या वह्यांत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण असे टिपलेले असते. मोरसवाल्याचे नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पण जुन्या फेरफारावरून त्याच्या वडिलांचे नाव मी काढले होते, गाव आणि जात तर हातातच होती. तीन धागे होते. एवढ्यावर एक माणूस सापडावा, असे मला वाटत होते.

आमची गाडी चालवणारा गृहस्थ पंचेचाळिशीचा असेल. विमानतळावर त्याच्या हातातल्या पाटीवर आमचे आडनाव होते, आणि त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर त्याचे. त्याचे आडनाव वाचून मी थबकलो. आपल्याकडे जे पाळण्यात ठेवतात असे एक साधे, जुन्या वळणाचे मराठी नाव होते ते. नोंद करणाऱ्या कारकुनाने मजुराचे नुसते नाव लिहून घेतले, आणि पुढच्या पिढ्यांचे तेच आडनाव झाले, असे त्या बेटावर सर्रास घडले आहे. म्हणजे या माणसाचा खापरपणजा रोज त्याच्या छातीवर नावानिशी हजर होता. आमच्या मोरसवाल्याचे नावच हरवले, आणि याच्या पूर्वजाचे नाव सोडून बाकीचे सगळे. मी हरखून जाऊन त्याला मराठीत विचारले, "तुम्ही मराठी?" तो हसून म्हणाला, "हो, मराठी." आणि पुढचे सगळे हिंदी चित्रपटांवर पोसलेल्या हिंदीत बोलला. घरी क्रिओल चालते, शाळेत इंग्रजी-फ्रेंच, मराठी प्राथमिक शाळेत थोडे शिकलो, आरत्या सगळ्या पाठ आहेत. इतके सांगून त्याने आमच्या बॅगा उचलल्या.

पहिल्या दोन दिवसांत मी त्याला गावाविषयी निदान तीनदा विचारले असेन. मूळ गाव कोणते? कोणता तालुका? कुलदैवत काय? तो 'माहीत नाही' म्हणे आणि मी नवा प्रश्न काढी. तिसऱ्या दिवशी त्याने गाडी चालवता चालवता, अगदी सौजन्याने, सांगितले, "सर, महाराष्ट्रातून येणारे सगळे पाहुणे मला हेच विचारतात. जणू माझे काही हरवले आहे आणि ते मला शोधून देणार आहेत. माझे गाव कास्काव्हेल. तुमच्या हॉटेलपासून पंधरा मिनिटे. तिथे माझे घर आहे, देऊळ आहे, गणपती बसतो. हरवले काहीच नाही." मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, बास आता." मी गप्प बसलो. वर्गात 'परकीय भूमीतील मराठी अस्मिता' अशा शीर्षकाचे प्रश्न काढणाऱ्या माणसाला ही चपराक योग्यच होती.

ठरल्याप्रमाणे आम्ही शामारेलला गेलो. सप्तरंगी माती म्हणजे कुंपण घातलेला, लहानशा माळाएवढा उघडा उतार. लाल, तपकिरी, जांभळट, पिवळट अशा लाटा गोठून राहिल्यासारख्या. खाली उतरता येत नाही, चौथऱ्यांवरून बघायचे. शेजारी एका आवारात महाकाय कासवे. मुलगा कासवांत रमला. मुलगी भूगोल घेऊन बसलेली, तिने फलक वाचून सांगितले की ही माती म्हणजे काळ्या ज्वालामुखीय खडकाची शतकानुशतके झीज होऊन उरलेली लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगे आहेत. "म्हणजे आपला जांभाच की," ती म्हणाली. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्ह्यापासून झाला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातल्या एका तप्त स्थानावरून बाहेर पडला. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, ते तप्त स्थान मागे राहिले. ते लाव्हा ओकत राहिले आणि त्यातूनच, फार पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले. आज ते शेजारच्या रियुनियन बेटाखाली जळते आहे. "आई एकच आहे दोघांची," असे ती म्हणाली आणि कासवांकडे निघून गेली.

त्या दिवशी परतताना मला शेतातले दगड दिसले.

ते आधीही तिथेच होते. विमानतळावरून येतानाही आम्ही त्यांच्यामधूनच आलो असू. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग. काही नुसते ढिगारे, काही मात्र नीट बांधून काढलेले, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेलेले, एखाद्या मंदिराच्या जोत्यासारखे. तोडणीचे दिवस असल्यामुळे काही शेते उघडी पडली होती आणि तिथे हे ढीग पार दूरपर्यंत दिसत होते. मी गाडी थांबवायला सांगितली. पत्रिकेत नसलेल्या ठिकाणी गाडी थांबवणारा पाहुणा चालकाला बहुधा नवा नसावा. तो म्हणाला, हे पूर्वी याहून पुष्कळ होते. यंत्रे आली तेव्हा बरेच हलवले. या बेटाची जमीन म्हणजे दगडच. आधी गुलामांनी आणि मग मजुरांनी एकेक दगड उचलून जागा मोकळी केली, तेव्हा ऊस लावता आला. जागेवरच रचायचे, कारण वाहून न्यायचे कुठे?

मी उतरून एका ढिगाला हात लावला. ऊन खाल्लेला, सच्छिद्र, काळा दगड. आमच्या घराच्या जोत्यात आहे तोच. या दगडाशी त्या माणसांची जन्मजात ओळख होती. कोकणात वरकस जमिनीतले दगड वेचून बांध घालणाऱ्या माणसाला बोटीत घालून समुद्रापार नेले आणि तिथे त्याच्यापुढे तोच दगड ठेवला. कराराची मुदत 5 वर्षांची आणि पगार महिना ५ रुपये. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तिथला शिरस्ता. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला 'दुहेरी कपात' म्हणतात. आजारी पडला तरी तेच, आणि मळ्याबाहेर पास घेतल्याशिवाय फिरला तर तुरुंग. मी उभा होतो तिथून समुद्र दिसत होता, कार्यक्रमपत्रिकेवरच्या छायाचित्रात होता तसाच, निळा आणि हिरवा. मुलाने गाडीतून विचारले, "बाबा, इथे काय आहे?" मी म्हणालो, "दगड." तो उतरला, ढिगाभोवती एक फेरी मारली, आणि मोजायला लागला. शंभरापर्यंत मोजून कंटाळून परत आला.

दुसऱ्या दिवशी पांप्लमूसचे उद्यान झाले. तिथली परातीएवढी कमळपाने पाहिली, आणि मग साखरेचे संग्रहालय. एका बंद पडलेल्या कारखान्यातच ते उभारलेले आहे. चरक, कढया, धुराडे जागच्या जागी. गुलामगिरीचा आणि मजुरांचा इतिहास तिथे लपवलेला नाही, हे नमूद केले पाहिजे. शेवटी चव घेण्याचे दालन. लहान चमच्यांत वेगवेगळ्या साखरा : सोनेरी, पिंगट, मग गडद, मग जवळजवळ काळी, ओलसर. मुलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या चाखल्या आणि काळीजवळ थांबून म्हणाला, "हा तर गूळ आहे." तो बरोबर होता. काकवीचा वास, मागे राहणारी किंचित खारट चव, सगळे गुळाचे. साखर शुभ्र करताना जे काढून टाकतात ते या साखरेत राहू दिलेले असते, आणि म्हणून ती महाग असते. मी चमचा हातात घेऊन उभा राहिलो. आजीने मोरसवाल्याच्या पानावर गूळ वाढला तो सोवळ्यासाठी असो की कशासाठी, तो त्याला ओळखीचा लागला असता एवढे मात्र खरे. पत्नीने त्या काळ्या साखरेची एक पुडी घेतली.

पोर्ट लुईला डोडोचा सांगाडा पाहून झाल्यावर मी आग्रहाने सगळ्यांना आप्रवासी घाटावर नेले. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जागतिक वारसा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येते तसे तिथे काही नाही. आवार लहानसे, मधून महामार्ग गेल्यामुळे त्याचाही काही भाग नाहीसा झालेला. काळ्या दगडाच्या भिंती, खोल्यांची जोती, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या मोजक्या पायऱ्या. साडेचार लाख माणसांचे पहिले पाऊल याच जागेवर, पुष्कळांचे याच पायऱ्यांवर. पायऱ्या दगडाच्या, पुन्हा त्याच. आम्ही चौघे तिथे काही वेळ उभे राहिलो. मुलीने छायाचित्र काढले नाही, हे माझ्या लक्षात आले. मला वाटले, आता फक्त मोकळा दिवस उरला आहे.

त्या संध्याकाळी हॉटेलवर सोडताना चालक म्हणाला, "उद्या माझी सुट्टी, सर. उद्या सगळे बंद." मी विचारले, कसली सुट्टी? तो म्हणाला, "२ नोव्हेंबर. मजूर आले तो दिवस." मॉरिशसमध्ये ती सार्वजनिक सुट्टी आहे. घाटावर समारंभ असतो, मोठी माणसे येतात. आणि अर्थातच सरकारी कचेऱ्या, संस्था, अभिलेखागार, सगळे बंद. गिरमिटियांच्या आगमनाचा दिवस असल्यामुळेच गिरमिटियांची नोंदवही मला उघडून मिळणार नव्हती. महिनाभर कार्यक्रमपत्रिकेतला तो दिवस मी जपून ठेवला होता. तारखेखाली काय लिहिलेले असू शकते हे बघायचे मात्र सुचले नव्हते.

रात्री मुले झोपल्यावर गच्चीत बसून मी पत्नीला माझा नवा बेत सांगितला. परवा इल-ओ-सेर्फची बोटीची सहल आहे, ती रद्द करावी. तिने मुलांना घेऊन हॉटेलात थांबावे, किंवा तिघांनी जावे आणि मी मोक्याला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तो सात दिवस त्या बोटीची वाट बघतोय. तुझ्याबरोबर जायचंय त्याला. शाळेत काय सांगायचं तेही ठरवून ठेवलंय त्यानं." मी म्हणालो, पुन्हा कधी येणार आपण इथे? ती म्हणाली, "नाव माहीत आहे का तुला त्याचं?" मी धाग्यांविषयी सांगू लागलो. तिने थांबवून विचारले, "समज, सापडला. पुढे काय करणार आहेस त्याचं?"

उत्तर माझ्या तोंडावर आले होते, ते मी गिळले. पण आमचे लग्न होऊन वीस वर्षे झाली आहेत. तीच म्हणाली, "लेख लिहिशील. एकदा त्याची साखर झाली, आता लेख होईल."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते, आजही नाही. हे लिहितो आहे हाच तिच्या बोलण्याचा पुरावा आहे. माझी समजूत अशी होती की बाकीचे तिघे स्थलदर्शनाला आले आहेत आणि मी काही निराळ्या, अधिक गंभीर कामासाठी. पण मलाही एक स्थळच पाहायचे होते. त्या नोंदवहीतली एक ओळ, तिच्यासमोर उभा मी, आणि परतल्यावर सांगायची गोष्ट. मुलाच्या पत्रिकेत कासवे होती, माझ्या पत्रिकेत पूर्वज. चालकाला गाव विचारताना मी त्यालाही त्याच पत्रिकेत बसवले होते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मोकळ्या दिवशी, आम्ही कुठे गेलो नाही. हॉटेलजवळच्या फ्लिक-आँ-फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर चालत गेलो. तिथे सुरूचे बन आहे, अगदी आमच्या कोकणच्या किनाऱ्यांवर असते तसे. आणि त्या बनात अख्खे बेट लोटल्यासारखे वाटत होते. कुटुंबेच्या कुटुंबे. झाडांना बांधलेली कापडे, सावलीत चटया, मोठाले टोप, चुली, भाताचा आणि माशाचा वास. म्हाताऱ्या बाया साडीचा काष्टा वर खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या. कुठे हिंदी गाणी, कुठे सेगा. सेगा हे मूळ गुलामांचे गाणे. त्यासाठी बकऱ्याचे कातडे ताणलेले एक वाद्य वाजवतात, आणि आपल्याकडे डफ शेकतात तसे ते आधी जाळावर शेकून घेतात. एक म्हातारा ते करीत बसला होता आणि शेजारची पोरे त्याच्या घाईची चेष्टा करीत होती.

आधी माझ्या मनात आले ते प्राध्यापकाच्या मनात यावे तसेच आले : आजच्या दिवशी या लोकांना घाटावर असायला नको का? तेवढ्यात मुलाने पाण्यातून हाक मारली, मी चपला काढून पाण्यात शिरलो, आणि तिथे उभा असताना ती दुहेरी कपात मला आठवली. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचे पैसे. ज्यांच्या पूर्वजांना ताप आला तरी निजून राहण्याची किंमत दुप्पट मोजावी लागली, ती माणसे आज, त्यांच्याच नावाने मिळालेल्या दिवशी, भरपगारी पाण्यात उभी होती. कोणी भाषण करीत नव्हते. टोपातला भात उपसत होते, पोरांना वाळूत पुरत होते, झोपा काढत होते. अभिलेखागाराचा कारकूनही इथेच कुठेतरी चटईवर पडलेला असेल आणि त्याने पडूनच राहावे, असे मला फार मनापासून वाटले. आमचा चालक कुठे दिसला नाही. दिसता तरी मी त्याच्याकडे गेलो नसतो. त्याची सुट्टी होती.

बनाच्या कडेला बसून आम्ही भजी खाल्ली. तिथे त्यांना फ्रेंच नाव आहे, पण चणाडाळीचा तो वडा आपला आहे. पत्नीने विचारले, "काय झालं? गप्प का?" मी म्हणालो, "काही नाही. सुट्टी आहे." ती माझ्याकडे बघून हसली. त्यानंतरच्या दिवशी आम्ही चौघेही बोटीने इल-ओ-सेर्फला गेलो. पाणी इतके नितळ होते की तळाची वाळू दिसत होती. मुलाच्या डोक्यावरची टोपी उडाली आणि ती बोटवाल्याने आकडीने काढून दिली. मोक्याला मी गेलो नाही.

परतीच्या विमानात मी हिशेब केला. मुंबई ते मॉरिशस सहा-साडेसहा तास. घड्याळ दीड तास पुढे केले की मोरसवाल्याचे सारे अंतर संपते. त्याच्या बाजूने ते कधीच संपले नाही, आणि ते संपवण्याचा अधिकार मला आहे असे आता मला वाटत नाही. त्याला तिथे कदाचित बायको मिळाली असेल, मुले झाली असतील, त्याचे नाव आज कोणाच्या तरी छातीवरचे आडनाव असेल. कदाचित पहिल्याच वर्षी तो हिवतापाने गेला असेल. काहीही असले तरी त्याचे सगळे इथेच हरवले असे धरून दरवर्षी ओटीच्या कडेला पान वाढणारे आम्ही, त्याच्याविषयी शेवटी इतकेच जाणतो की तो गेला. ज्या शेतात मी तो ढीग पाहिला, तिथले दगड त्यानेच उचलले असतील असे मी म्हणणार नाही. कोणीतरी उचलले आहेत, एवढे डोळ्यांनी दिसते.

सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर मुलाला मराठीच्या तासाला निबंध होता : 'सुट्टीत मी पाहिलेले ठिकाण'. वही घरी आली तेव्हा मी सवयीने लाल पेनाच्या खुणा आधी बघितल्या. पानभर कासवे, बोट, उडालेली टोपी. डोडोविषयी चार वाक्ये. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, आगापिछा काही न देता, त्याने लिहिले होते : 'तिथल्या शेतात दगडांचे ढीग आहेत. ते माणसांनी उचललेले आहेत. मी शंभर मोजले पण पुष्कळ उरले.' बाईंनी 'ढीग' या शब्दाखाली रेघ ओढून वर 'राशी' असे लिहिले होते आणि समासात 'विषयांतर' असा शेरा दिला होता.

मी पेन घेतले होते. पण बाईंचा शेरा तसाच राहू दिला, आणि वही मिटून त्याच्या दप्तरात ठेवली. आत स्वयंपाकघरात पत्नी त्या काळ्या साखरेची पुडी डब्यात रिकामी करीत होती. डब्यावर काय लिहू, असे तिने विचारले.